पिच्चर खराब करून पाहिजे

नव्या टीव्हीवर पहिला खून पडला तेव्हा गोजरबाई खुदकन हसली, आणि सूर्यभानच्या पस्तीस वर्षांच्या इभ्रतीला तिथेच पहिला तडा गेला.

"हसायला काय झालं?" सूर्यभानने दटावून विचारलं.

"आवं, त्या मुडद्याकडं बगा की. पापनी हालवायलाय."

पापणी खरंच हालत होती, आणि न दिसायला जागाच नव्हती. टीव्ही चांगला पंचावन्न इंची होता. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या एकुलत्या लेकीने, सृष्टीने, तो दिवाळीला घरी पाठवला होता. भाऊबीज झाल्यावर तिने स्वतः उभं राहून तो भिंतीवर लावून घेतला आणि खाली आवाजाची एक लांबट काळी पट्टी बसवली. मानवतच्या त्या गल्लीत एवढं मोठं धूड पहिल्यांदाच आलेलं. त्यामुळे शेजारच्या सरजाबाई आणि आणखी चार-पाच बायका भरदुपारी सुपात ज्वारी घेऊन समोर येऊन बसल्या होत्या.

सृष्टीने आणखी एक पराक्रम केला होता. तिच्या लहानपणापासून बाबा ज्या पिच्चरची गोष्ट सांगत आले, तो तिने इंटरनेटवरून शोधून काढला होता. तोही जुनापुराणा नव्हे, कुणीतरी परदेशात बसून धुऊन-पुसून लखलखीत केलेला.

सूर्यभान आता धान्याच्या मोंढ्याजवळच्या दुकानात विहिरींवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देतो. पण ऐन तरुणपणी तो आणि त्याचा जिवलग दोस्त रामहरी, दोघे मिळून परभणीहून व्हीसीआर आणत. एस्टीत तो मांडीवर धरून बसत आणि एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या गोडाऊनमध्ये खेळ लावत. स्वतःच्या मालकीची कॅसेट एकच. गोऱ्या लोकांचा पण हिंदीत बोलणारा पिच्चर. बंद पडलेल्या गिरणीत मुक्कामाला आलेली सात पोरंपोरी, मेणाचा पांढरा मुखवटा घातलेला खुनी आणि त्याच्या हातातला विळा. लोक सरकीच्या पोत्यांवर बसून बघत आणि भीती वाटली की कापसाच्या ढिगात तोंड खुपसत. "आख्खं गोडाऊन किंचाळायचं," सूर्यभान सांगायचा. "दोनच मानसं गप असायची. एक त्यो खुनी अन् दुसरा मी." हे वाक्य त्याने लग्नात, बारशात आणि दहाव्यालासुद्धा सांगितलं होतं.

आणि आता त्याच पिच्चरमध्ये खुन्याच्या मुखवट्याचं रबरी इलॅस्टिक कानामागे स्पष्ट दिसत होतं.

"ते रगत हाय का टमाट्याचा रस्सा?" सरजाबाईंनी सुपातून मान वर काढली.

"नळी दिसायली की सदऱ्यातून," दुसरी म्हणाली.

"थांबव, थांबव!" सूर्यभान खाटेवरून उठलाच. "ह्याचा श्वास कुठं गेला?"

"कुणाचा, बाबा?"

"खुन्याचा! त्यो यायच्या आदी मुखवट्यातून श्वास यायचा. सूंऽऽ... सूंऽऽ... आख्ख्या पिच्चरची जान व्हती त्यात. ह्येनी कापून टाकलाय!"

सृष्टीने तो भाग मागे घेतला, आवाज वाढवला. बुटांची करकर ऐकू आली. लांबचं कुत्रं ऐकू आलं. एका पोरीच्या गळ्यातली साखळी किणकिणली तीही ऐकू आली. श्वास मात्र नव्हताच. सरजाबाई पदर झटकत उठल्या. "चला, लय दिवसांनी पोटभर हसले बाई," असं म्हणून त्या गेल्याही. सृष्टी बापाजवळ येऊन बसली आणि अगदी मायेने म्हणाली, "असू दे बाबा. त्या काळी लोक साधे होते."

ती चिडवून बोलली असती तर बरं झालं असतं. तिने समजून घेतलं, आणि तेच सूर्यभानला लागलं. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या मोटारी भरल्या. गावाने त्याच्याबद्दल काही बोलावं अशी वर्षं दोनच, ती त्या गोडाऊनमधली. तीही हसण्यावारी गेली तर लेकीला सांगण्यासारखं उरलं काय? सृष्टी आणखी तीन दिवसांनी पुण्याला जाणार होती. त्याआधी एकदा तरी तिला या पिच्चरची भीती वाटलीच पाहिजे, असं त्याने मनाशी ठरवलं.

माणूस कारागीर होता, त्यामुळे त्याने आधी बिघाड शोधला. पिच्चर तोच, खुनी तोच, विळाही तोच. मग फरक कशात? दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता त्याला उलगडलं. बिघाड स्वच्छतेत होता.

सृष्टी बाजारात गेलेली बघून तो कामाला लागला. रिमोटवरून त्याने चित्र जमेल तेवढं अंधारं केलं, पण तो टीव्ही भलताच हुशार. अंधार केला की आपणहून उजेड करायचा. मग सूर्यभानने त्याच्यावर मच्छरदाणी टाकली, ती दुहेरी करून. खिडक्यांना वाकळा टांगल्या. राहिला आवाज. गोडाऊनचा तो घुमारा आणायचा कुठून? स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ज्वारीची पत्र्याची कोठी होती, अर्धी रिकामी. त्याने आवाजाची पट्टी काढून कोठीत उभी सोडली आणि गिरणीतल्या तिसऱ्या खुनाचा प्रसंग लावला.

घुमारा आला. इतका आला की कोठीच्या झाकणासकट फडताळातली भांडी थरथरली. पोरगी किंचाळली ती थेट पाताळातून किंचाळल्यासारखी.

मागच्या परसात सरजाबाई धुणं वाळत घालत होत्या. दोन्ही घरांच्या मध्ये जुना आड. त्यांनी किंकाळी ऐकली, आडाकडे पाहिलं आणि हातातलं लुगडं टाकून त्या रस्त्यावर धावल्या. "आरं पळा रे! आडात बाई पडली!"

गल्ली धावली. कुणी दोर आणला, कुणी शिडी. परमेश्वर नावाचा धिप्पाड गडी कमरेला दोर बांधून आडात उतरला आणि निम्म्यावरून ओरडला, "हितं कुनी न्हाई!" त्याच क्षणाला बाई पुन्हा किंचाळली. परमेश्वर ज्या वेगाने वर आला त्याला दोराची गरज लागली नाही.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आवाज घरातून येतोय. वीसेक माणसं आत घुसली. घरात मिट्ट अंधार, भिंतीवर जाळीआड काहीतरी लाल-लाल हालतंय, आणि सूर्यभान खांद्यापर्यंत हात कोठीत घालून ओणवा उभा.

"सूर्यभान भाऊ," सरजाबाई दाराची चौकट धरून म्हणाल्या. "पोरगी कुठाय?"

सूर्यभानचं सगळं ध्यान कोठीत. "हितंच हाय, कोठीत," तो मागे न बघता म्हणाला. "वरडायली चांगली, पर पायजे तशी भीती काय बसंना. आजून थोडी खाली दाबतो."

परमेश्वरने त्याला मागून कवेत धरलं. कोठी उलटली, ज्वारी स्वयंपाकघरभर झाली आणि तिच्यातून आवाजाची पट्टी शेवटचं एकदा किंचाळून गप झाली. नेमकी तेव्हा सृष्टी मेथीची जुडी घेऊन दारात उभी राहिली. "काय झालं? एवढी माणसं?" तिने विचारलं. माणसांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा सूर्यभानकडे पाहिलं आणि दोर गुंडाळत सगळे निघून गेले.

गोजरबाईने ज्वारी गोळा करत तोंडाचा पट्टा सोडला. "एवढंच खराब पायजे तर जावा की तुमच्या दोस्ताकडं! रामहरी भावजींएवढं खराब करायला कुनाला जमलंय? माज्या लग्नाची फिल्म काढायचं त्यांच्याकडंच व्हतं की. निघाली का? कॅमेराच बिघडला म्हने!"

हे दुखणं जुनं होतं. लग्नाच्या शूटिंगची व्यवस्था रामहरीने अंगावर घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी हात वर केले होते. वर त्याच आठवड्यात त्याने सूर्यभानला सांगितलं की आपली पिच्चरची कॅसेट हरवली. सूर्यभानला वाटलं, याने ती परस्पर कुणाला तरी देऊन टाकली. शब्दाने शब्द वाढला, धंदा मोडला आणि दोस्तीही. एकाच गावात राहून दोघे पस्तीस वर्षं एकमेकांना फक्त मयतीच्या गर्दीत बघत होते.

पण गरज अशी चीज आहे की ती माणसाला नको त्या गल्लीत घेऊन जाते. संध्याकाळी सूर्यभान रामहरीच्या दुकानात जाऊन उभा राहिला. दुकान कसलं, टीव्ही-रेडिओचं कब्रस्तान. चष्मा कपाळावर चढवून रामहरी एका रेडिओत तोंड घालून बसला होता.

"काय दुरुस्त करायचंय?" त्याने वर न बघता विचारलं.

"दुरुस्त न्हाई. पिच्चर खराब करून पायजे."

रामहरीने वर पाहिलं. चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा पाहिलं. "सुर्या?"

सूर्यभानने उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. पापणी, इलॅस्टिक, गेलेला श्वास, कोठी, आड. रामहरी आधी गालातल्या गालात हसला, मग मोठ्याने, मग डोळे पुसायला लागला. सूर्यभानलाही हसू आलं, ते त्याने मिशीत दाबून धरलं.

"त्यो जुना टीव्ही हाय आपला," रामहरी म्हणाला. "व्हीसीआर बी हाय, चालू हाय." मग तो जरा घुटमळला. फळकुटावरचा एक डबा काढून त्याने त्यातून फडक्यात बांधलेलं काहीतरी बाहेर काढलं. "अन् ही बी हाय."

कॅसेट होती. तीच.

"हरवली म्हनलास न्हवं?"

"घावली."

"कवा?"

"तवाच," रामहरी म्हणाला आणि रेडिओच्या तारा उगाच विंचरायला लागला. "पर एक सांगून ठिवतो. शेवट बगायचा न्हाई. ती पोरगी मुखवट्याला हात घालती ना, तितं बंद करायचं. फुडं टेप खराब हाय, मशीन खाऊन टाकील. मी सोता येतो बंद करायला."

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचावन्न इंची टीव्हीच्या खाली स्टुलावर रामहरीचा डबडा टीव्ही बसला. आडाच्या प्रकरणामुळे परवाच्यापेक्षा दुप्पट बायका आल्या होत्या. परमेश्वरही आला होता, पण दाराजवळ उभा राहिला.

चित्र आलं आणि सूर्यभानला गहिवरून आलं. काय ते चित्र! माणसांच्या कडा फिसकटलेल्या, रंग एकमेकांत उतरलेले, वरून खाली पांढऱ्या रेघा सरकतायत. खून कुठे झाला तेच कळत नव्हतं. कळत नसल्यामुळे प्रत्येकजण आपापल्या परीने त्यात भर घालत होता आणि ती भर पिच्चरपेक्षा भयंकर होती.

आणि मग तो आला. सूंऽऽ... सूंऽऽ...

सरजाबाईंचा हात सुपात थबकला. सृष्टीने खाटेवर पाय वर घेतले आणि गुडघे छातीशी धरले. सूर्यभान टीव्हीकडे बघतच नव्हता, तो लेकीकडे बघत होता. जन्मभराच्या मोटारी त्या घडीला भरून पावल्या.

"सुर्या," रामहरी त्याच्या कानाशी लागला, "तुला सांगायचं ऱ्हायलं. त्यो श्वास पिच्चरचा न्हाई. टेपचा हाय. खेळ करून करून टेप झिजली, अन् घासायला लागली."

"गप," सूर्यभान पुटपुटला. "कुनाला बोलू नको."

पिच्चर पुढे सरकला तशी रामहरीची चुळबुळ वाढली. आधी त्याला चहाची तल्लफ आली. मग मशीन तापल्याचा वास आला. शेवटी एक उरलेली पोरगी खुन्याला कोपऱ्यात गाठते तेव्हा तर तो सरळ उठून टीव्हीच्या पुढे उभा राहिला. "बास! हितं संपतंय!"

"बसा खाली भावजी!" गोजरबाईने त्याला सदऱ्याला धरून बाजूला ओढलं. तीन दिवस हसत असलेली गोजरबाई आता पदराचं टोक दातात धरून बसली होती.

पोरीचा हात मुखवट्यावर गेला. सूंऽऽ... सूंऽऽ... सगळं घर श्वास धरून होतं. मुखवटा हनुवटीवरून सुटला, वर सरकला, पडद्यावर खर्रकन रेघा आल्या, आणि खालून बाशिंग बांधलेला सूर्यभान बाहेर आला.

किंचाळली ती गोजरबाई.

पडद्यावर वीस-बावीस वर्षांचा सूर्यभान कपाळावरचा घाम पुसत, ओठांवरून जीभ फिरवत मांडवात उभा होता.

"म्हंजे," सरजाबाई हळूच म्हणाल्या, "ह्योच का खुनी?"

रामहरीने मान खाली घातली. "कोरी कॅसेट आनायची माजी जबाबदारी व्हती," तो जमिनीला सांगायला लागला. "धावपळीत इसरलो. शूटिंगवाला कॅसेट मागायला लागला, मंगळाष्टका सुरू व्हायला आल्त्या. पिशवीत हीच तेवढी व्हती, आदल्या खेळात लाइट गेली म्हनून शेवटाजवळ थांबलेली. पुसली जाऊ नये म्हनून मागं खाच असती, ती चिकटपट्टीनं बुजवली अन् दिली. म्हनलं, सात-आठ मिनिटं तर सात-आठ मिनिटं. मागून कळलं, पिच्चरचा शेवटच गेला. सुर्याला काय तोंड दावू? म्हनून कॅसेट हरवली म्हनलो. अन् कॅसेट हरवली म्हनल्यावर लग्न कुठून काढून दावू?"

"पस्तीस वर्सं, भावजी?" गोजरबाई म्हणाली.

"पयल्या आठवड्यात सांगायचं ऱ्हायलं. वर्सानं सांगायची लाज वाटली. मग नुसतं ऱ्हाऊन गेलं, वयनी."

गोजरबाई त्याला आणखी बोलली असती आणि तो तिचा हक्कच होता. पण तेवढ्यात पडद्यावर हिरव्या लुगड्यातली एक किडकिडीत बाई हातात तांब्या घेऊन लगबगीने पुढे आली, थेट कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलली आणि रेघांमध्ये नाहीशी झाली.

"माय," गोजरबाई म्हणाली.

तिची आई सगुणाबाई लेकीच्या लग्नानंतर वर्षाच्या आत गेली होती. घरात तिचा एकच फोटो, रेशनकार्डावरून मोठा केलेला, डोळेही धड न दिसणारा. तिचा चालता-बोलता जीव गोजरबाईने पस्तीस वर्षांत पहिल्यांदा आज पाहिला. "माय काय म्हनली? आवं, काय म्हनली ती?" ती सगळ्यांना विचारायला लागली. पण त्या डबड्यातून नुसती सूंसूं येत होती.

रामहरी ताडकन उठला. पिशवीतून तारा काढल्या, जुनं यंत्र नव्याला जोडायची एक डबी काढली. सृष्टी खाली बसून नव्या टीव्हीच्या पाठीमागे हात घालायला लागली. सूर्यभानने कोठीतून वाचलेली आवाजाची पट्टी आणली आणि तिच्यातले ज्वारीचे दाणे फुंकून काढले. व्हीसीआर मोठ्या टीव्हीला जोडला गेला. ज्या यंत्राला काल सूर्यभान बिघडवायला बसला होता, त्याच्याकडे आता सगळे हात जोडल्यासारखे बघत होते.

सगुणाबाई भिंतभर मोठी होऊन आली. चेहरा फिसकटलेला होता, रेघा होत्याच. पण सृष्टीने आवाज वाढवत नेला, आणि सूंसूंच्या मागून तो खणखणीत आवाज खोलीत आला:

"आरं रामहरी, ते शूटिंग ऱ्हाऊ दे तिकडं! आदी त्या नवरदेवाला पानी दे. लय भ्यालंय लेकरू!"

सगळ्यात आधी परमेश्वर हसला, मग आख्खं घर. गोजरबाई हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. "बाबा," सृष्टी म्हणाली, "दोनच माणसं गप असायची ना?"

"त्ये पिच्चरचं सांगितलंय मी," सूर्यभान म्हणाला. "लग्नाचं कुठं काय म्हनलो?"

तेवढा भाग त्यांनी नऊ वेळा लावला. बायका आपापली सुपं घेऊन गेल्या, ऊन भिंतीवरून खाली उतरलं, तरी गोजरबाईचं "आजून एकदा" संपेना. शेवटी सृष्टी म्हणाली, "आई, टेप जाईल अशाने. मी मोबाइलवर घेते आणि पुण्याला साफ करून आणते. कॉम्प्युटरवर ती सूंसूं पूर्ण काढून टाकता येते. आजीचा आवाज एकदम स्वच्छ येईल."

"हात लावू नकोस तिला," गोजरबाई म्हणाली. "परवा बगितलंस की. साफ केलं की श्वासच जातो."

या गडबडीत रामहरी कधी उठून आत गेला ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तो माठातून तांब्या भरून बाहेर आला आणि सूर्यभानच्या समोर धरून उभा राहिला.

"आता ह्ये काय?"

"सगुणामावशीनं सांगितलं व्हतं," रामहरी म्हणाला. "तवा त्या टेपच्या नादात ऱ्हाऊनच गेलं."

सूर्यभानने तांब्या घेतला, वरून तोंडात धार धरली आणि सगळा रिकामा केला. मग बाही ओठांवरून फिरवून तो सरकला आणि खाटेवर शेजारी जागा केली.